भर दिवसा दिवा कशासाठी? : रस्ता-सुरक्षेचा एक अभ्यासपाठ



वार्षिक अहवालात जमाखर्च येतो, नव्या यंत्रसामग्रीची माहिती येते, देणगीदारांची नामावली येते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु रुग्णालयाच्या कारभारातील एक फार मोठी बाब अशी आहे, की तिची नोंद ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात करता येत नाही. ती बाब म्हणजे टळलेला अपघात. जो रुग्ण अपघात विभागाच्या दारी आलाच नाही, त्याच्यावर झालेला खर्च शून्य असतो आणि त्याच्या कुटुंबाला झालेला लाभ मोजण्यापलीकडचा असतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने त्याला प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडण्याची सवय आहे. या न दिसणाऱ्या जमेच्या बाजूविषयी एक छोटासा पाठ आपणांपुढे ठेवावा, या हेतूने ही पाने लिहिली आहेत. पाठाचा विषय साधा आहे : वाहनाचा पुढचा दिवा दिवसाही लावावा काय, त्याविषयी नियम काय आहे आणि त्यामागील विचार कोणता.

प्रश्नाचे मूळ

आपल्या घरांत दिवा लावण्याची वेळ ठरलेली आहे. तिन्हीसांजा झाल्या की दिवेलागण होते आणि उजाडले की दिवा मालवला जातो. दिवसा दिवा जळत राहिला तर घरातील वडीलधारी माणसे लगेच टोकतात, कारण ती उधळपट्टी समजली जाते. हाच संस्कार आपण रस्त्यावरही घेऊन जातो. दुपारी दिवा लावून येणारी दुचाकी दिसली, की समोरचा मनुष्य हाताची मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू राहिला आहे’ अशी खूण करतो. हेतू अत्यंत चांगला असतो. परंतु खूण करणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही, ती ही की त्या दिव्याने त्याचे काम केलेले असते. तो दिवा लागलेला होता म्हणूनच ती दुचाकी इतक्या दुरून त्याच्या नजरेत भरली.

रात्रीचा दिवा चालकाला रस्ता दाखवितो, तर दिवसाचा दिवा चालकाला इतरांच्या नजरेस आणतो. या एका वाक्यात या पाठाचे सार आले आहे.

नियम काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ अन्वये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे. समोर १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत, असे माप त्यासाठी नियमात घालून दिले आहे. यातील ‘पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी’ हे शब्द बहुतेकांच्या लक्षात राहत नाहीत. मुसळधार पाऊस, दाट धुके, धुळीची वावटळ, दाटून आलेले आभाळ यांपैकी काहीही असले, तर घड्याळात दुपारचे दोन वाजले असले तरी नियम लागू होतो. म्हणजे दिवसा दिवा लावण्याचे बंधन काही परिस्थितींत सर्वच वाहनांना मुळापासून आहे.

स्वच्छ उजेड असताना मात्र दोन प्रकारच्या वाहनांत फरक पडतो. १ एप्रिल २०१७ पासून उत्पादित होणाऱ्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू होताच पुढचा दिवा आपोआप लागेल, अशी रचना सक्तीची झाली. अशा गाडीत दिवा बंद करण्याचे बटणच नसते. केवळ अप्पर व डिपर बदलता येतो. त्यापूर्वीच्या दुचाकींना ही रचना नव्याने बसवून घेण्याची सक्ती केलेली नाही. मोटारगाडीने स्वच्छ उजेडात दिवसभर दिवा लावलाच पाहिजे, असे बंधन या नियमांत नाही. अलीकडील अनेक मोटारींना दिवसा लागणारे छोटे दिवे कारखान्यातूनच बसवून येतात. ती उत्पादकाने दिलेली सोय होय.

हा नियम आला कसा

रुग्णालयाशी संबंध असणाऱ्या आपणां सर्वांना पुढील हकिकत विशेष वाटेल. कोइम्बतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली रस्ते अपघातांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मोडलेली हाडे जुळविण्याचे काम आयुष्यभर करणाऱ्या वैद्याने ती मोडूच नयेत म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, हे आमच्या क्षेत्रातील सर्वांनी स्मरणात ठेवावे असे आहे. या याचिकेतून २०१४ साली न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता-सुरक्षा समिती नेमली गेली. दुचाकीचा दिवा सतत चालू असावा, असा आग्रह या समितीने धरला आणि केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने त्याप्रमाणे नियमांत दुरुस्ती केली.

या दुरुस्तीचा आपल्या जिल्ह्याशी असलेला धागाही सांगण्याजोगा आहे. वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा दुचाकींचा कारखाना आहे. तेथील कामगारांच्या हातांतून तयार होऊन बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलींनाही २०१७ पासून ही रचना लागू झाली.

एवढा खटाटोप दुचाकीसाठीच का करावा लागला, याचे उत्तर आकडे देतात. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी महाराष्ट्रातील १५,२२४ होत्या. देशातील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते आणि सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. कुटुंबाचा भार ज्याच्या खांद्यावर असतो, त्याच वयातील हा माणूस आहे.

दिवसा दिवा काय साधतो

अपघातानंतर रुग्णासोबत आलेल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : ‘समोरचा दिसलाच नाही.’ ऐकणाऱ्याला ती सबब वाटते. अनेकदा ते खरे असते. मनुष्य रस्त्याकडे पाहतो, परंतु त्याची नजर ट्रक, बस अशा मोठ्या आकारांचा शोध घेत असते. समोरून पाहिले असता बसची रुंदी सुमारे अडीच मीटर असते, तर मोटारसायकलची जेमतेम पाऊण मीटर. त्यात चालकाचे कपडे मळकट, मागे झाडांची गर्द सावली, खाली करडे डांबर. अशा पार्श्वभूमीत दुचाकी मिसळून जाते. शिवाय लहान वस्तू असते त्याहून दूर भासते, त्यामुळे ‘अजून अवकाश आहे’ असा चुकीचा अंदाज बांधला जातो. पेटलेला दिवा या दोन्ही अडचणींवर काम करतो. तो पार्श्वभूमीहून वेगळा उठून दिसतो आणि वाहन उभे नसून आपल्या दिशेने येत आहे, ही जाणीव करून देतो.

आता थोडे गणित मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. दोन वाहने याच वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे ३३ मीटरने घटते. नियमातील १५५ मीटर अंतर अशा वेळी पाच सेकंदांच्या आत संपते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागला, असे धरले तर तेवढ्यात वाहन २५ मीटर पुढे गेलेले असते आणि कोरड्या रस्त्यावर थांबण्यासाठी आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. समोरचा एक सेकंद आधी लक्षात आला तर हाती काय येते, हे यावरून समजावे. तो एक सेकंद म्हणजे १७ मीटर रस्ता. पुष्कळ वेळा रुग्णालय आणि घर यांच्यातील अंतर तेवढेच असते.

हा हिशेब आपल्या रस्त्यावर लावून पाहू. चितेगाव हे पैठण तालुक्यातील, छत्रपती संभाजीनगर ते पैठण या मार्गावरील गाव. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे त्याचे नाव एकेकाळी देशभर पोहोचले. या मार्गावर पहिल्या पाळीला निघालेला कामगार दुचाकीवर असतो, एस. टी. बस, मालमोटारी, ऊस व कापूस वाहणारे ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाड्या आणि नाथषष्ठीच्या सुमारास पैठणकडे पायी निघालेल्या दिंड्या, सर्व एकाच डांबरावरून चालतात. रस्ता साधारणपणे उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे सकाळी पश्चिमेकडील शेतरस्त्याने येऊन रस्ता ओलांडणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर ऊन येते, तर सायंकाळी पूर्वेकडून येणाऱ्याची तीच अवस्था होते. ट्रॉलीसह ट्रॅक्टरला रस्ता पार करण्यास पाच-सहा सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात ताशी ६० च्या वेगाची मोटारसायकल सुमारे १०० मीटर जवळ येते. म्हणजे ती किमान शंभर मीटरांवरून ट्रॅक्टर चालकाच्या लक्षात यायला हवी. डोळ्यांवर ऊन असताना शंभर मीटरांवरची बिनदिव्याची दुचाकी ओळखणे किती कठीण आहे, हे शेतकरी बांधवांना सांगावयास नको.

इतर देशांचा अनुभव

ही कल्पना प्रथम उत्तर युरोपात रुजली, कारण तेथे हिवाळ्यात दिवसाही मंद उजेड असतो. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरती आणि शहराबाहेरील रस्त्यांवर दिव्यांची सक्ती केली. स्वीडनने १९७७ मध्ये ती वर्षभरासाठी व सर्व रस्त्यांवर लागू केली. डेन्मार्कने १९९० मध्ये तोच मार्ग स्वीकारला. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना दिवसाचे स्वतंत्र दिवे आवश्यक केले.

‘आपल्याकडे तर लख्ख ऊन असते, आपल्याला त्याचा काय उपयोग?’ असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर मलेशिया देतो. विषुववृत्ताजवळील या देशात ऊन आपल्याइतकेच प्रखर आणि मोटारसायकलीही विपुल. तेथे सप्टेंबर १९९२ मध्ये मोटारसायकलींना दिवसा दिवा लावणे सक्तीचे झाले. त्यानंतर केलेल्या अभ्यासात, दुचाकी नजरेस न पडल्यामुळे होणाऱ्या अपघातांत सुमारे २९ टक्के घट आढळली.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडणे कर्तव्य आहे. मोटारगाड्यांच्या बाबतीत निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत. १९९६ पर्यंतच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून नॉर्वेच्या संशोधकांनी, दिवा लावणाऱ्या मोटारींचे दिवसा इतर वाहनांशी होणारे अपघात सुमारे १० ते १५ टक्क्यांनी कमी होतात, असा निष्कर्ष काढला. उलट अमेरिकेतील शासकीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या २००८ च्या अभ्यासात एकंदर अपघातांवर ठळक परिणाम दिसला नाही. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये लावलेली सक्ती १ जानेवारी २००८ पासून मागे घेतली. सर्वच मोटारी दिवे लावून धावू लागल्या, तर दुचाकी, सायकलस्वार व पादचारी त्या गर्दीत झाकले जातील, अशी शंका या वादात मांडली जात असे. ती शंका विचारार्ह आहे. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, दुचाकीसाठी दिवसाचा दिवा स्पष्टपणे हिताचा आहे आणि मोटारीसाठी तो उजेड मंद असेल तेव्हा अत्यावश्यक आहे.

खर्च किती?

‘बॅटरी उतरेल, पेट्रोल जास्त लागेल’ हा आक्षेप बहुधा घरातूनच येतो. त्याचा ढोबळ हिशेब असा. दुचाकीचा साधा पुढचा दिवा सुमारे ३५ वॅटचा व मागचा ५ वॅटचा धरला, तर वीज ४० वॅट लागते. इंजिन चालू असताना ही वीज गाडी स्वतःच निर्माण करते. इंजिन व वीजनिर्मिती यांतील गळती जमेस धरूनही तासाभराला सुमारे ३० मिलिलिटर पेट्रोल जादा लागते. आजच्या दराने ती रक्कम तीन-चार रुपये होते. एलईडी दिव्यांना याहूनही कमी वीज पुरते. मोडलेल्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने बुडणारी मजुरी आणि सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचा सुटलेला रोजगार यांच्याशी या रकमेची तुलना करण्याचे काम आम्ही वाचकांवर सोपवितो.

दिव्याच्या मर्यादा

औषधाप्रमाणे दिव्यालाही मात्रा असते. ती चुकली तर अपाय होतो. याबाबत चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट : दिवसा दिवा डिपरवरच असावा. अप्परचा झोत समोरच्याचे डोळे दिपवितो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशा रीतीने दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा, असे नियम १०६ सांगतो. बाजारातून आणून बसविलेले अतिप्रखर पांढरे दिवे या नियमाला हरताळ फासतात.

दुसरी गोष्ट : मोटारीचे दिवसाचे छोटे दिवे केवळ पुढे लागतात, अनेक गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे लाल दिवे लागत नाहीत. पावसात किंवा धुक्यात चालकाला वाटते, ‘आपला दिवा तर लागलेला आहे’. प्रत्यक्षात त्याच्या गाडीची मागची बाजू पूर्णपणे काळोखात असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अशा वेळी मुख्य दिव्याचे बटण हाताने लावलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट : पावसात चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालविण्याची पद्धत रूढ झाली आहे. ते दिवे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीत ते लावले, तर ती डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळत नाही. पावसात मुख्य दिवा डिपरवर लावणे हाच योग्य उपाय होय.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : दिवा लावल्याने रस्त्यावरचा हक्क वाढत नाही. बैलगाडी, सायकल, शाळेतून परतणारी मुले आणि दिंडीतील वारकरी यांच्याजवळ दिवा नसतो. ते आपल्याला दिसावेत ही जबाबदारी वाहन चालविणाऱ्याचीच राहते. हेल्मेट, बेताचा वेग आणि शुद्धीवर असलेला चालक यांची जागा कोणताही दिवा घेऊ शकत नाही.

घरोघरी गिरविण्याचा पाठ

पाठ वाचून बाजूला ठेवला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून पुढील साध्या गोष्टी घरातील सर्वांनी मिळून कराव्यात, अशी विनंती आहे.

१. रस्त्यालगतच्या एखाद्या घराच्या गच्चीवर सुरक्षित उभे राहून दहा मिनिटे रहदारी पाहावी. दिवा लावलेली दुचाकी किती दुरून लक्षात येते व बिनदिव्याची किती जवळ आल्यावर, हे मुलांना स्वतः पडताळू द्यावे.

२. २०१७ पूर्वीची दुचाकी असल्यास गाडी सुरू करताना दिव्याचे बटण दाबण्याची सवय लावावी.

३. नव्या दुचाकीचा आपोआप लागणारा दिवा बंद करण्यासाठी मेकॅनिककडून वेगळे बटण बसवून घेऊ नये. गाडीच्या मूळ रचनेतील सुरक्षेची सोय काढून टाकणे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे आणि स्वतःच्या जिवाशी खेळ आहे. आधीच बसविले असल्यास ते काढून घ्यावे.

४. पुढचा व मागचा दिवा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावा. धुळीने माखलेल्या काचेतून निम्मा उजेड वाया जातो.

५. पाऊस, धुके किंवा धूळ असताना, तसेच जायकवाडीच्या जलाशयालगत हिवाळ्याच्या सकाळी प्रवास करताना मोटारीचाही मुख्य दिवा डिपरवर लावावा.

६. दिवसा दिवा लावून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मूठ उघडझाप करून खूण करू नये. तो नियम पाळतो आहे.

समारोप

या संस्थेला देणगी देणारा प्रत्येक दाता आपल्या घामाच्या पैशातून कोणाच्या तरी उपचारांचा भार उचलतो. त्या दानाचा विनियोग उत्तम व्हावा, ही आमची जबाबदारी आहे. तो उत्तम होण्याचा एक मार्ग म्हणजे रुग्णशय्येवर येण्याची वेळच कमी लोकांवर यावी. हे काम एकट्या रुग्णालयाचे नाही. त्यात रस्त्यावरील प्रत्येक चालकाचा वाटा आहे आणि त्यासाठी लागणारी वर्गणी तासाला तीन-चार रुपयांची आहे. प्रत्येक देणगीदाराने, विश्वस्ताने व रुग्णाच्या आप्ताने हा पाठ आपल्या घरातील एका तरी दुचाकीस्वाराला समजावून सांगावा, हीच आपणां सर्वांच्या चरणी नम्र विनंती.